रिकाम्या खुर्चीपुढचा रस्सा

शेवयांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून मी उभी होते. श्वासाची वाफ काचेवर धरायची, ती मी पदरानं पुसायची, की परत वाफ. आत ती बाई दिसत होती. चाळिशीची, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेली. तिच्यापुढच्या उंच खुर्चीवर आमचे जावई बसलेले. ऑफिसात असायला पाहिजे होते ते, तसं सांगूनच सकाळी घरातनं बाहेर पडलेले. आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं.

बाईनं कागदी रुमालांचं खोकं त्यांच्यापुढं सरकवलं. नुसतं सरकवलं, जसा मी आमच्या ह्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवायची तसा. बोलायची गरजच नाही इतकी ओळख.

मी स्वतःला म्हटलं, इंदे, तुला वाटत होतं तेच निघालं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. तरी आधीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी लोकांच्या खिडक्यांतनं बघत फिरते. फिरते, पण कारण असल्याशिवाय नाही.

माझी लेक शर्वरी जपानात, टोकियोच्या शेजारी कावासाकी म्हणून गाव आहे तिथं. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हातचं गेलं, दुसऱ्यांदा तर सातव्या महिन्यात. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईनं सांगितलं, पलंगावरनं उठायचं नाही आणि मनाला धक्का बसेल असं काही हिच्या कानावर पडू द्यायचं नाही. मग मी कोल्हापुरातनं डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा असं सगळं बॅगेत भरून विमानात बसले. तिथल्या विमानतळावर एका पोरानं लाडू हातात धरून खुणेनं विचारलं, हे काय. मी त्याला खुणेनंच दाखवलं, हे खाल्लं की म्हशीची शिंगं हातानं वाकवता येतात. त्यानं दोन पावलं मागं सरून बॅग बंद केली. शर्वरी म्हणते असं काही झालंच नाही. तिला काय माहीत, ती पलंगावर होती.

जावयांचं नाव रणधीर. माणूस बोलायला कमी, ऐकायला चांगला. माझ्या गोष्टी ऐकताना शर्वरी मधेच म्हणायची, 'आई, आता पुरे.' हे कधी म्हणाले नाहीत. उलट विचारायचे, 'मग मामी, त्या वाघाचं पुढं काय झालं?' मला आवडायचे. म्हणूनच जास्त झोंबलं.

ह्या दुकानात मला त्यांनीच आणलं होतं, गेल्या गेल्या पहिल्या शनिवारी. दाराशी एक मशीन. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी येते, ती बाईला द्यायची. बाई दोन भांडी पुढं ठेवते. एकात जाड जाड शेवया, उकडून गार पाण्यात धुतलेल्या, वर अर्धं अंडं. दुसऱ्यात रस्सा, कढत, दाट, तपकिरी, तेलाचा तवंग आलेला. मी सवयीनं रस्सा उचलला आणि शेवयांवर ओतायला निघाले, भातावर ओततो तसा. जावयांनी हात धरला.

'मामी, ओतायचा नाही. शेवई त्यात बुडवायची आणि ओढायची.'

ओढायची म्हणजे भुरका मारून. आमच्या सासूबाईंपुढं कुणी भुरका मारला तर वाढती पळी थांबायची. आणि इथं अख्खं दुकान भुरके मारत होतं, टाय लावलेली माणसंसुद्धा, कुणाला काही नाही. मी पण मारला. गार शेवई आणि कढत रस्सा एकदम तोंडात आला. सुक्या मासळीचा वास, हाडांचा दाटपणा. कशाची हाडं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. शेवटी उरलेल्या दाट रश्श्यात बाई कढत पांढरा रस्सा ओतून देते, पिऊन टाकायला. तांबड्यात पांढरा मिसळलेला कोल्हापुरात चालायचा नाही. मी दोनदा मागून घेतला.

दर शनिवारी जायचं ठरलं. दुसऱ्याही शनिवारी गेलो. तिसऱ्या शनिवारी जावई म्हणाले, 'मामी, दुकान बंद आहे. दुरुस्ती चाललीय.'

सोमवारी मी दूध आणायला त्या वाटेनं गेले, तर दुकान उघडं. आत माणसं, दारावरचा पडदा हलतोय, मासळीचा वास रस्त्यापर्यंत. तिथनं माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

मग एकेक दिसायला लागलं. जावयांनी दाढी करायची सोडलेली. झोपायला बाहेरच्या खोलीत, जमिनीवर चटई टाकून. का, तर पाठ दुखते. ऑफिसला जाताना देवापुढं दिवा लावायचे, तो बंद. म्हणाले, 'मामी, तुम्ही आहात तोवर तुम्हीच लावत जावा.' जेवायला बसले की 'पोट बरं नाही'. शिरा केला तर वाटी लांब सरकवली. आणि फोन आला की बाल्कनीत जायचं, दार ओढून घ्यायचं, तोंडावर हात धरून बोलायचं. घरात जेवत नाही आणि तरी चालतोय फिरतोय, म्हणजे कुठंतरी जेवतोय. एवढं मला कळतं.

त्यात तात्यांचे फोन बंद झाले. तात्या म्हणजे रणधीरचे वडील, कराडकडचे. रोज संध्याकाळी सुनेला फोन करणारा सासरा मी तरी दुसरा बघितला नाही. 'पोरी, आज काय खाल्लंस?' एवढंच विचारायचे, पण अर्धा तास विचारायचे. शर्वरी त्यांना माझ्यापेक्षा जास्त सांगायची. जावई म्हणाले, तात्यांचा फोन हौदात पडला, नवीन घ्यायचाय.

'विश्वजितच्या फोनवरनं करायला काय होतंय?' शर्वरी मला म्हणाली. विश्वजित म्हणजे धाकटा दीर. 'आई, तात्या माझ्यावर रागावलेत का गं?'

'तुझ्यावर कशाला रागावतील?'

'मग ह्यांचं काहीतरी बिनसलंय. मला सांगत नाहीत. रात्री मी हाक मारली तर उठून आले, पण दारातच उभे राहिले. तू बघ ना जरा.'

मी म्हटलं, 'पाठ दुखतीय त्यांची. माझ्या बापाची दुखत होती तर त्यानं पाठीवर दोन पैलवान उभे करून घेतले. तिसरा चढायला लागला तेव्हा कुठं बरं वाटलं.'

ती हसली. पोट धरून हसली. तिला हसवून मी पिशवी घेतली आणि बाहेर पडले, तर जिन्यातच माझं हसू गळून पडलं. कारण तात्या कुणावर रागावलेत ते मला कळलं होतं. पोरावर. पोराचं लफडं बापाला समजलं असणार आणि आता सुनेला तोंड कुठलं दाखवायचं म्हणून म्हातारा गप्प बसला असणार. हे उद्या शर्वरीच्या कानावर गेलं तर काय होईल, ह्या विचारानं माझे पाय त्या दुकानाकडंच वळले.

तर अशी मी काचेला नाक लावून उभी.

बाईनं दोन ताटं आणली. एक जावयांपुढं ठेवलं. दुसरं त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं. शेवया, रस्सा, वर अंडं, सगळं. पाण्याचा ग्लास भरला, जेवायच्या काड्या नीट आडव्या मांडल्या. मग डोक्याचा टॉवेल सोडला आणि केसांवरनं हात फिरवत ओट्याच्या बाहेर यायला लागली.

म्हटलं, ही आता शेजारी बसणार. मी पडदा बाजूला सारून आत गेले.

बाई मला बघून वाकली. 'ओकासान,' म्हणाली. म्हणजे आई. मी म्हटलं, तुझी आई मी नव्हे, आणि सरळ त्या रिकाम्या खुर्चीवर चढले. खुर्ची उंच, लुगडं आडवं येतंय, तरी चढले. ताट पुढं ओढलं, काड्या हातात घेतल्या.

जावई उठूनच उभे राहिले. 'मामी—'

'कुणासाठी मांडलंय हे?'

'मामी, तुम्ही आधी तिथनं उठा.'

'उठत नाही. जिच्यासाठी मांडलंय तिला सांगा, शरूची आई बसलीय इथं. घरात बायको नववा महिना घेऊन छताकडं बघत पडलीय आणि तुम्ही ऑफिसच्या नावावर दोन-दोन ताटं मांडून बसलाय. दाढी वाढवून. दुकान बंद म्हणून मला सांगून.'

'हळू बोला.'

'का? इथं मराठी कुणाला कळतंय?'

तेवढ्यात माझ्या हाताशी कुणीतरी मराठीत बोललं. 'दादा, दिसतंय का तुला?'

पाण्याच्या भांड्याला टेकून फोन उभा केलेला होता. फोनमध्ये घाट दिसत होता. कृष्णेचं पाणी, पायऱ्या, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं. मधे विश्वजित उघडा उभा होता, आणि त्याचं डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं.

माझ्या हातातल्या काड्या ओट्यावर पडल्या.

'तात्या गेले, मामी,' रणधीर म्हणाले. 'झोपेतच गेले. आज दहावा.'

मला खुर्चीवरनं उतरायचं होतं, पण पाय जमिनीला पुरत नव्हते. तशीच बसून राहिले.

'तुम्ही गेला नाही?'

'शर्वरीला काय सांगून जाणार होतो? ती रोज विचारतीय, तात्यांचा फोन का नाही. डॉक्टरांनी काय बजावलंय तुम्ही ऐकलंय. अग्नी विश्वजितनं दिला. मी इकडं चटईवर झोपतो, रोज दुपारी इथं येऊन नुसत्या उकडलेल्या शेवया खातो. घरी फोडणीचं नको, गोड नको म्हटलं असतं तर तुम्ही लगेच ओळखलं असतं.'

खरं होतं. ओळखलंच असतं. माझ्या नाकासमोर सुतक चाललेलं आणि मी त्यात बाई शोधत होते.

'मला का नाही सांगितलं?'

ते कागदी रुमालाच्या घड्या घालायला लागले.

'बोला की.'

'सगळेच म्हणाले, मामींना सांगू नका. मामींच्या पोटात राहणार नाही.'

'सगळे म्हणजे कोण?'

'तुमचा सूर्याजीसुद्धा.'

सूर्याजी माझा थोरला. 'त्याला माहीत आहे?'

'तुमच्या अख्ख्या मंगळवार पेठेत सगळ्यांना माहीत आहे, मामी.'

'आणि ह्या बाईला सांगितलंत.'

'मोरिताबाईंना सांगितलं, कारण त्या शर्वरीला भेटायच्या नाहीत. कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं.' त्यांनी नाक पुसलं. 'दोन वर्षांमागं तात्या इकडं आले होते, तेव्हा रोज जेवायला इथंच. त्यांचा भुरका ऐकून मोरिताबाई भांडी टाकून बघायला आल्या होत्या. शर्वरी घरी त्यांना म्हणायची, तात्या, जरा हळू. इथं कुणी म्हणायचं नाही. त्यांना हे फार आवडायचं. म्हणून आज त्यांचं ताट मांडलं. ती खुर्ची त्यांची.'

मोरिताबाई टॉवेल हातात धरून, मान खाली घालून उभ्या होत्या. गेलेल्या माणसाला मान म्हणून डोकं उघडं केलं होतं, ते आता मला कळलं.

फोनमधनं विश्वजित म्हणाला, 'दादा, कावळा शिवंना रे. ऊन चढलं. झाडावर चार-पाच बसलेत, पण पिंडाकडं ढुंकून बघत नाहीत. आईला सांभाळतो म्हटलं. रानाच्या वाटणीवरनं भांडणार नाही म्हटलं. देवळाचं राहिलेलं काम करतो म्हटलं. काका म्हणतात, आता दर्भाचाच कावळा करून शिववूया.' त्याचा आवाज फाटला. 'दादा, तू बोल. ते तुझ्यासाठी अडलेत.'

जावयांनी फोन हातात घेतला. 'तात्या,' म्हणाले. पुढं काही येईना. परत म्हणाले, 'तात्या.' ओठ हलत होते, पण आवाजच नाही. पलीकडच्या टोकाला दोन गिऱ्हाइकं जेवत होती, त्यांनीही खाणं थांबवलं.

मी म्हटलं, 'द्या इकडं.'

'मामी, तुम्ही—'

'द्या म्हणते ना. विश्वजित, मी बोलतेय. फोन पिंडाजवळ धर.'

'मामी? तुम्हाला कुणी सांगितलं?'

'ते नंतर. धर.'

त्यानं धरला. भाताचे गोळे दिसले, वर झाडाची फांदी. मी घसा साफ केला.

'व्याही, मी इंदू, कोल्हापूरची. तुमची विहीण. पोरगा आला नाही म्हणून रुसून बसलाय होय? आला असता तर तुम्हीच त्याला शिव्या देऊन परत विमानात बसवला असता, बायकोला असं टाकून आलास म्हणून. सुनेला रोज विचारता काय खाल्लंस, आणि आज स्वतः उपाशी. तिनं मला विचारलं तात्या जेवले का, तर मी काय सांगू?'

'नाही हलत, मामी,' विश्वजित म्हणाला.

मागनं एक म्हातारा ओरडला, 'दर्भ आणा रे.'

'थांबा,' मी म्हटलं. मी चार पोरं वाढवलीत. रुसून ताटावर बसलेल्याला कसं जेवू घालायचं ते मला कुणी शिकवायला नको. विनवणी केली की जास्त रुसतात.

'ऱ्हायलं,' मी फोनमध्ये म्हटलं. 'नको तर नको. तुमच्या वाटचं मीच खाते.'

आणि काड्या उचलल्या. शेवया पकडल्या, रश्श्यात बुडवल्या, फोन तोंडाशी धरला आणि भुरका मारला. असा मारला की आमच्या सासूबाई जिथं असतील तिथं दचकल्या असतील. रस्सा माझ्या नाकाला लागला, पदरावर उडाला. दुसरा मारला. जावई माझ्याकडं बघत राहिले, अडवलं नाही.

'चांगलं झालंय हो, व्याही. मासळीचा वास काय सुटलाय. हे अंडं पण मीच खाते आता. संपत आलं बघा.' आणि तिसरा.

फोनमधनं पंखांचा आवाज आला. मग एकदम कालवा.

'शिवला,' विश्वजित म्हणत होता. 'शिवला, दादा. मामी, शिवला.' म्हणे फांदीवरनं थेट खाली आला, आणि केवढा, तर कोंबड्याएवढा. हे माझं नाही, विश्वजितचं आहे. घाटावरच्या माणसांना विचारा.

रणधीरनी ओट्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडले. मोरिताबाईंना मी काय सांगणार? हातानं चोच केली आणि ताटात टोचल्यासारखं दाखवलं. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण त्या आत गेल्या आणि किटली घेऊन आल्या. तात्यांच्या वाडग्यात उरलेल्या रश्श्यात कढत पांढरा रस्सा ओतला आणि वाडगा आम्हा दोघांच्या मधे ठेवला. आधी जावई प्यायले, मग मी.

बाहेर पडल्यावर ते म्हणाले, 'मामी, शर्वरीला—'

'मला काय माहीत? मी दूध आणायला गेले होते.'

घरात शिरलो तर शर्वरी उशीला टेकून दाराकडंच बघत बसलेली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ह्यांच्याकडं.

'दुधाला एवढा वेळ? आणि हे तुझ्याबरोबर कसे? डोळे का लाल झालेत ह्यांचे? आई, खरं सांग.'

'खरंच सांगते,' मी तिच्या पायाशी बसले. 'त्या दुधाच्या दुकानाच्या लिफ्टमध्ये एक सुमो पैलवान अडकला. आत जाताना गेला, बाहेर निघताना निघंना. मालक रडतोय, पैलवान रडतोय. मी म्हटलं, आमचे जावई कराडचे आहेत, बोलवा त्यांना. हे आले, मी एक पाय धरला, ह्यांनी एक धरला—'

'आई, गप,' ती म्हणाली, पण हसत होती. 'पायानं धरून ओढला?'

'मग काय, शेंडी धरून ओढायचा? घाम डोळ्यांत गेलाय त्यांच्या, म्हणून लाल.'

ती हसत राहिली. जावई दारात बुटाची नाडी सोडत वाकले होते, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. आयुष्यात मी रचलेली ती सगळ्यात वाईट गोष्ट होती, सांगताना मला धाप लागत होती. पण पोटातलं पोटात राहिलं. पुढं सूर्याजीचा फोन आला की मी विचारायची, काय नवीन? तो म्हणायचा, काही नाही आई. मी म्हणायची, इकडंही काही नाही.

मुलगी झाली. सुखरूप. केस ओले, मुठी आवळलेल्या, रंग तात्यांचा. शर्वरीचा चेहरा पांढरा पडलेला, तरी डोळे चमकत होते. पोरीला कुशीत घेऊन तिनं पहिल्यांदा हात पुढं केला तो माझ्याकडं.

'आई, माझा फोन दे. सगळ्यात आधी तात्यांना सांगते. विश्वजितच्या फोनवर लावते. आता तरी बोलतील का नाही बघूया.'

रणधीर खिडकीशी उभे होते. ते पुढं आले, तोंड उघडलं, आणि ओट्यावर झालं होतं तसंच झालं. ओठ हलले, आवाज नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी फोन उचलला, पण तिच्या हातात दिला नाही. पलंगाच्या कडेवर बसले. पोरीचं पांघरूण उगाच नीट केलं.

'शरू,' मी म्हटलं, 'तात्यांचं एक सांगायचंय तुला.'

शर्वरी गोष्ट ऐकायला म्हणून उशीला नीट टेकली, पोरीला छातीशी घेतलं, आणि मी पुढं काही बोलायच्या आधीच हसायला लागली.